सोमवारी बंद पडणारी गाडी

ती टिकटिक अजून माझ्या कानातून गेलेली नाही. किल्ली फिरवली की इंजिनाच्या जागी डॅशबोर्डच्या आतून येणारी, घाईघाईची, कोरडी टिकटिक. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, पण आज निवृत्तीनंतर मी हातातला चहा ठेवून खिडकीशी जातो तो शेजाऱ्याची गाडी सकाळी तशी वाजली की.

मी तेव्हा दक्षिण बेंगळुरूतल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. मूळचा निपाणीकडचा. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि नोकरी सगळी कर्नाटक पोलिसांत. ठाण्यात दिवसभर कन्नड चालायचं, त्यामुळे समोरचा मराठीत बोलला की मी जरा सैल व्हायचो. हा माझा दोष आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

तो सोमवार होता. सकाळची हजेरी झाली होती, समन्स वाटून झाले होते आणि मी बंदोबस्ताचे कागद पुढ्यात घेऊन वैतागून बसलो होतो. तेवढ्यात एक बाई आत आल्या. तिशी नुकती ओलांडलेली, पाठीवर लॅपटॉपची बॅग, बोलणं पुण्याचं.

"सर, माझी गाडी स्टार्ट होत नाहीये," त्या म्हणाल्या.

टेबलाजवळच्या शिपायाला मराठी येत नव्हतं, पण 'स्टार्ट' त्याला कळलं आणि त्यानं हसू दाबलं. मलाही हसू आलं. हे ठाणं आहे ताई, गॅरेज नाही, असं मी म्हणालो. त्या हलल्या नाहीत. दसऱ्यानंतर ही चौथी वेळ होती, मधे नवी बॅटरी टाकून झाली होती, शोरूमवाल्यांनी गाडीत काही बिघाड नाही म्हणून परत पाठवलं होतं. गाडीला कुणीतरी काहीतरी करतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. मी विचारलं, कोण? त्यांनी वळून दाराकडे पाहिलं आणि माहीत नाही म्हणाल्या.

खोटी तक्रार घेऊन आलेला माणूस नाव लगेच सांगतो. खरा घाबरलेला माणूस आधी दाराकडे बघतो. हे मी किती नव्या फौजदारांना शिकवलं असेल. त्या दिवशी ते माझ्यासमोर घडलं आणि मी बंदोबस्ताच्या कागदांवर सह्या करत राहिलो. ओळखीच्या एका वायरमनचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि मोकळा झालो. त्या "सरी" म्हणाल्या. बाहेरून आलेली माणसं इथं पहिल्यांदा हाच शब्द उचलतात. ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यांच्या तोंडी तो 'तुमच्याकडून काही होणार नाही' असा ऐकू आला. स्टेशन डायरीत मी एक ओळही लिहिली नाही.

तो वायरमन म्हणजे चामराजपेटेतला अण्णा. जुन्या बेंगळुरूकर मराठी घरातला, साठीचा, बोलण्यात निम्मं कन्नड. आमच्या जीपगाड्यांची वायरिंग वीस वर्षं त्याच्याच हाती होती. दुपारी सव्वादोनला त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता.

"साहेब, स्वल्प इकडं येऊन जावा," तो म्हणाला. "गाडीला काय झालेलं नाही. गाडीत कोण तरी काय तरी ठेवलंय."

मी कुरकुरतच गेलो. ओढून आणलेली गाडी त्याच्या दुकानासमोर उभी होती, बॉनेट वर, ड्रायव्हरचं दार उघडं. बाई स्टुलावर बसल्या होत्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली धरले होते.

अण्णा कधीच निकाल आधी सांगत नाही. कामाला जिथून सुरुवात केली तिथूनच तो सांगायला बसतो. टिकटिक म्हणजे दिवे लागण्यापुरता जोर आहे, स्टार्टर फिरवण्यापुरता नाही. म्हणून आधी त्यानं बॅटरीची टोकं पाहिली होती. स्वच्छ आणि घट्ट. मीटर लावलं तर बॅटरी रिकामी होती, पण खराब नव्हती. दुसरी बॅटरी जोडून इंजिन सुरू केलं तर चार्जिंगही व्यवस्थित. भरणारा ठीक, साठवणारा ठीक, मग जातं कुठं? इथं त्यानं बाईंना विचारलं होतं, गाडी बंद कुठल्या वारी पडते? त्यांनी आठवून सांगितलं, चारही वेळा सोमवारी. शनिवार-रविवार गाडी इमारतीच्या तळघरात उभीच असायची. म्हणजे उभ्या गाडीतून कुणीतरी वीज खात होतं.

हा वाराचा प्रश्न सकाळी मी विचारायला हवा होता. मला त्याचा पगार मिळत होता.

मग त्यानं गाडी पूर्ण बंद केली. दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर घालून दार लागल्याचा गाडीचा समज करून दिला आणि बॅटरीच्या वाटेत मीटर जोडून पाऊण तास गप्प बसला. आजकालच्या गाड्या बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत, त्यांना वेळ द्यावा लागतो. झोपलेली गाडी तीस-चाळीस मिलिअँपिअर खाते. ही दोनशे खात होती. मग तो एकेक फ्यूज काढत आणि मीटर बघत गेला. आतल्या दिव्याचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन खाली आला. ती वायर धरत तो ड्रायव्हरच्या पायाशी, डॅशबोर्डच्या पोटात पोचला.

तिथं काड्यापेटीएवढी काळी डबी होती. आत सिमकार्ड. गाडी कुठं आहे हे दर मिनिटाला कुणाला तरी कळवणारं यंत्र. तळघरात रेंज नाही, त्यामुळे डबी दोन दिवस टॉवर शोधत बसायची आणि शोधताना जास्त खायची. इमारतीला तळघर नसतं तर गाडी कधी बंद पडली नसती आणि डबी कधी सापडली नसती.

"आता हे बघा," अण्णा म्हणाला.

वायरच्या जोडावर काळी टेप नव्हती. दवाखान्यात जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी होती. आणि तिच्यावर अंगठ्याचा लालसर ठसा होता. कुंकू. वायरमन असली पट्टी लावत नाही, हे अण्णानं सांगितलं. आणि कुंकवाच्या हातानं गाडीला कोण कधी हात लावतं, हे बेंगळुरूत सांगावं लागत नाही. खंडेनवमीला इथं आयुधपूजा असते. बसपासून शिलाईयंत्रापर्यंत सगळ्याला हार पडतात, चाकाखाली लिंबं ठेवतात, कोहळे फुटतात. त्या दिवशी सगळ्या शहराचे हात लाल असतात.

मी बाईंना विचारलं, त्या दिवशी किल्ली कुणाकडे होती?

"काकांकडे," त्या म्हणाल्या. "मला पूजेचं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, दे, मी धुऊन पूजा करून आणतो."

काका म्हणजे त्यांच्या शेजारच्या इमारतीत राहणारे, मराठी मंडळाचे चिटणीस. गणपतीच्या परवानगीसाठी दरवर्षी माझ्याकडे येणारे, सदाचे हसतमुख गृहस्थ. मी त्यांना दहा वर्षं ओळखत होतो. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर आधी स्वतःवर घ्यावा, असं मला वाटलं. ते किती खरं होतं ते तासाभरात कळणार होतं.

मग बाई बोलल्या. नवऱ्यानं मनगट मोडलं होतं, एकदा नाही, दोनदा. कोर्टाचा मनाई हुकूम होता. त्यानं बायकोच्या किंवा मुलीच्या जवळ जायचं नाही. मुलगी तीन वर्षांची असताना त्या तिला घेऊन निघाल्या, मधे दुसऱ्या एका शहरात राहिल्या आणि मार्चमध्ये बेंगळुरूला आल्या. आता मुलगी सहा वर्षांची होती. 'जाशील तिथे येईन' हे नवऱ्याचं शेवटचं वाक्य. सकाळी ठाण्यात वीस माणसांसमोर हे कसं सांगायचं, म्हणून त्यांनी फक्त गाडीचं सांगितलं होतं.

तेवढ्यात अण्णानं कपाळाला हात लावला. लॉरीमालकांसाठी असल्या डब्या त्यानं कित्येक बसवल्या होत्या. डबीच्या आत स्वतःची छोटी बॅटरी असते. बाहेरचा पुरवठा तुटला की मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो.

"फ्यूज कधी काढलास?" मी विचारलं.

"पाऊणे दोनला," तो म्हणाला. "साहेब, माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं."

पावणेतीन वाजत आले होते. म्हणजे डबी सापडली हे त्या माणसाला तासभर आधीच कळलं होतं. गाडी कुठल्या गल्लीत आहे हे कळलं होतं. आणि महिनाभर गाडी रोज दुपारी साडेतीनला कुठं थांबते, हेही कळलेलं होतं. बाईंच्या मनात तेच आलं असणार. त्या उठून उभ्या राहिल्या आणि मुलीच्या शाळेचं नाव तीनदा म्हणाल्या.

ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबल बाईंना सगळे अक्का म्हणत. मी फोन करून अक्कांना साध्या कपड्यांत शाळेच्या फाटकावर जायला सांगितलं, शाळेलाही फोन लावायला सांगितला, आणि एका शिपायाला काकांना घेऊन यायला पाठवलं. शाळेचा फोन व्यग्र लागत होता. सुटायच्या वेळी तो कायम व्यग्रच असतो.

काका ठाण्यात आले तेव्हा तीन वाजून गेले होते. त्यांनी आधी मंडपाच्या परवान्याचं काही राहिलं का, असं विचारलं. मी ओरडलो नाही. अण्णा जसा एकेक फ्यूज काढून आकड्याकडे बघत होता, तसा मी एकेक प्रश्न विचारून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत गेलो. खंडेनवमीला गाडी तुम्ही धुतलीत? हो. घरात कुणाला ड्रेसिंग असतं? बायकोच्या पायाला. चेहरा जागचा हलला नाही. मग मी ती पांढरी पट्टी टेबलावर ठेवली.

त्यांनी अंगठा मुठीत लपवला. लहान मूल लपवतं तसा.

"मी वाईट काही केलं नाही, साहेब," ते म्हणाले. "तो पोरीचा बाप आहे. फोनवर रडत होता. म्हणाला, बायको डोक्यानं बरी नाही, मुलगी सुखरूप आहे एवढं कळलं तरी पुरे. आपल्या माणसाचं एवढं करायचं नाही तर मंडळ कशाला?"

डबी कुरिअरनं आली होती आणि बसवायची रीत त्यानं व्हिडिओ कॉलवर शिकवली होती. मी विचारलं, त्याला तुमचा नंबर मिळाला कसा? काकांनी बोटानं ती पट्टी माझ्याकडे सरकवली.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्हीच दिलात."

मला सगळं आठवलं. जूनमधली एक दुपार. पुण्याहून ठाण्यात फोन. स्वच्छ, आर्जवी मराठी. बहीण रुसून बेंगळुरूला आली आहे, बरोबर लहान मुलगी आहे, आई काळजीनं आजारी पडली आहे. दक्षिण बेंगळुरूत असल्याचं तेवढं समजलंय. मी उत्साहानं सांगितलं होतं, की हो, भाडेकरूचा फॉर्म द्यायला अशी एक ताई आली होती, सुखरूप आहे. वर मंडळाच्या काकांचा नंबरही दिला होता. परमुलखात एका मराठी माणसाच्या उपयोगी पडलो म्हणून त्या दिवशी मी खूश होतो. घरी जाऊन बायकोला सांगितलंही होतं. पण त्या ताईंचा चेहरा लक्षात ठेवला नव्हता, म्हणून सोमवारी त्या समोर आल्या तरी मी ओळखलं नाही. तो फोन मी डायरीत नोंदवला नव्हता, नाव विचारलं नव्हतं, नंबर पडताळला नव्हता.

पण रडत बसायला वेळ नव्हता. मी काकांना विचारलं, आज तो बोलला का? तेव्हा उरलेलं बाहेर आलं. भीतीच्या भरात बाईंनी मला सांगितलंच नव्हतं, पण सकाळी त्यांनी काकांना म्हटलं होतं, की इन्स्पेक्टरांनी चामराजपेटेला पाठवलंय, मुलीला तेवढं शाळेतून आणाल का? आणि शाळेचं पालकांचं कार्ड त्यांच्याकडे दिलं होतं. दोन वाजता नवऱ्याचा फोन आला. तो तीन दिवसांपासून चिकपेटेतल्या एका लॉजवर उतरला होता. मुलीला मीच आणतो, एकदा तिला डोळे भरून बघू दे, असं म्हणाला. अडीचला मेट्रोनं आला आणि कार्ड घेऊन गेला.

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

शाळा ठाण्यापासून दोन किलोमीटरही नव्हती. जीपमध्ये बाई माझ्या मागे बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, मुलगी अनोळखी माणसाबरोबर जाणार नाही, धीर धरा. त्या म्हणाल्या, "जाईल. मीच शिकवलंय तिला. कधी हरवलीस, तर जो मराठी बोलेल त्याच्याकडे जा. तो आपला."

तीच शिकवण माझीही होती. काकांचीही.

चौकात जीप अडकली. भोंगा वाजवला असता तर गर्दी हलली असती, पण तो त्या नवऱ्यालाही ऐकू गेला असता. अक्कांचा फोन आला. त्या मोठ्या फाटकावर उभ्या होत्या, मुलगी बाहेर आलेली नव्हती. मग त्याच फोनवर त्यांनी रखवालदाराला काहीतरी विचारलं आणि त्यांचा आवाज बदलला. कार्ड दाखवणाऱ्यांची मुलं मागच्या लहान दारानं सोडतात.

मी जीपमधून उतरलो आणि पळत सुटलो. अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस पळतो तसा.

मागच्या गल्लीत ते मला पाठमोरे दिसले. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, त्याच्या खांद्यावर गुलाबी दप्तर, आणि त्याचं बोट धरून चाललेली मुलगी. मेट्रो स्टेशनचा जिना शंभर पावलांवर होता. ती उड्या मारत चालली होती. ते पाहून मला जी भीती वाटली, ती हातात कोयता घेतलेल्या माणसासमोरही वाटली नव्हती. मूल रडत असतं तर रस्त्यावरचं कुणीही आडवं आलं असतं. हसत चाललेल्या मुलीला कोण थांबवणार?

धाप लागलेली होती, तरी आवाज शक्य तेवढा मऊ करून मी मराठीत म्हणालो, बाळ, जरा थांब, आई मागून येतेय.

मुलगी थांबली. तोही थांबला. वळून माझ्या गणवेशाकडे बघून हसला.

"साहेब, मी हिचा बाबा आहे," तो म्हणाला.

तोच आवाज. स्वच्छ, आर्जवी. जूनमधल्या दुपारी मी ज्याला मदत केली होती तो. मी त्याचं मनगट धरलं. तो जोर करत नव्हता, मुलीसमोर हसतच होता, आणि मला त्याचं ते हसणं जास्त भीतिदायक वाटलं. मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मग मला समजावावं तसं म्हणाली, "सोडा ना त्यांना. ते पण मराठीच आहेत."

तेवढ्यात अक्का आल्या, आणि मागून तिची आई. आईनं मुलीला उचललं नाही, ओढलं नाही. नुसती तिच्यासमोर रस्त्यावर बसली. मुलीनं त्याचं बोट सोडलं.

पंचनाम्यात त्याच्या खिशात त्याच संध्याकाळची बसची दोन तिकिटं निघाली. पुण्याची नव्हेत, हैदराबादची. एक मोठ्याचं, एक लहानाचं. ती दोन तिकिटं पाहून काका ठाण्याच्या बाकावर तोंड झाकून रडले. मनाई हुकूम मोडणं, मुलीला पळवण्याचा प्रयत्न आणि पाळत ठेवणं, असा गुन्हा दाखल झाला. काकांचंही नाव त्यात घ्यावं लागलं. माझ्याच हातानं लिहिलं. शेवटी मी वरिष्ठांना जूनमधल्या फोनचा अहवाल दिला आणि स्वतःसाठी कारणे दाखवा नोटीस मागून घेतल्यासारखी घेतली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं. पण आरोपपत्रात त्या माणसाला बायकोचा माग कसा लागला हे सांगायचं, तर त्या साखळीतली पहिली कडी वगळून कसं चालेल?

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. ते सायबर, ट्रॅकर असलं काहीतरी ऐकायला आलेले असतात. मी त्यांना म्हणतो, बिघाड छोटा वाटला म्हणून माणसाला परत पाठवू नका. बाई गाडीचं सांगत असेल तर ती कशाला घाबरली आहे ते बघा. आणि फोनवर कुणी तुमच्या भाषेत बोललं, तर त्याच क्षणी वही उघडा. मायेनं बोलणारा माणूस तुमच्याकडून काय घेऊन गेला हे तुम्हाला कळत नाही. मला पाच महिन्यांनी कळलं, तेही एका वायरमनमुळे.

जानेवारीत बाई पुन्हा ठाण्यात आल्या. घर सोडल्याचं लिहून द्यायला. मी फॉर्म घेतला, तारीख टाकली आणि पुढचा पत्ता लिहायचा रकाना मोकळा ठेवून सही केली.

"सर, कुठे चाललोय ते विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"नका सांगू, ताई," मी म्हणालो. "मलाही नका सांगू."

त्यांनी पेनाचं टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं. मग "सरी" म्हणाल्या. या खेपेला त्याचा अर्थ फक्त ठीक आहे, एवढाच होता.

मी पायऱ्यांपर्यंत गेलो. मागच्या सीटवर मुलगी पट्टा लावून बसली होती, तिनं हात हलवला. बाईंनी किल्ली फिरवली. टिकटिक झाली नाही. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. फाटकातून बाहेर पडून ती डावीकडे वळते की उजवीकडे, हे मला दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली आणि आत येऊन बसलो.